पाटी बदलली, जिना तोच

लोअर परळच्या कमला मिल कंपाउंडमध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात, गच्चीवरच्या ‘वन अबव्ह’ या पबला आग लागली. चौदा माणसं गेली. बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला. वाचण्यासाठी काही जण स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच अडकले. अग्निशमन दलाच्या चौकशीने शेजारच्या ‘मोजोज बिस्ट्रो’मधल्या हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं. पुढे कित्येक आठवडे बातम्यांत हुक्का, मालक, अटक, जामीन एवढंच चाललं. ठिणगी कुणाची हे शोधायलाच हवं. पण ठिणगी काय, कुठेही पडते. ती पडल्यावर भरलेल्या गच्चीवरची माणसं कुठून उतरणार, हे त्या रात्री ठरत नाही. ते कैक वर्षं आधी, इमारतीचा नकाशा मंजूर होताना ठरलेलं असतं. आणि तो नकाशा मंजूर होताना कुणाच्या मनात पब नसतो.

कमला मिल ज्या गिरणगावात आहे, त्याचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणी कामगारांच्या १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, त्यांच्या आवारात कार्यालयं आली, स्टुडिओ आले, मागोमाग हॉटेलं आली. त्यात गैर काही नाही. जुनी वास्तू पाडून टाकण्यापेक्षा तिला नवं काम देणं केव्हाही शहाणपणाचं. पण गिरणगावापुरतंच हे राहिलेलं नाही. पुण्यात पेठेतल्या फ्लॅटची अभ्यासिका होते, नाशिकला बंगल्याचं नर्सिंग होम होतं, सोलापूर-इचलकरंजीकडे मागाच्या शेडचं मंगल कार्यालय होतं, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी दुकानगाळ्यांच्या वरचा मजला क्लासवाल्यांना भाड्याने जातो. रंग लागतो, फॉल्स सीलिंग होतं, एसी बसतात, दर्शनी भागावर मोठी पाटी चढते. जिना तेवढा तसाच राहतो.

आगीचे नियम वाचताना सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हे नियम मुख्यतः विटा-सिमेंटला लावलेले नाहीत, वापराला लावलेले आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोड, पहिल्यांदा १९७० साली आली आणि तिची सध्या चालू असलेली सुधारित आवृत्ती २०१६ची. तिचा चौथा भाग आग आणि जीवितसुरक्षेचा. त्यात इमारतींचे वापरानुसार गट केले आहेत. निवासी गट ए, शैक्षणिक बी, रुग्णालयं वगैरे सी, लोक जमतात ती ठिकाणं डी, कार्यालयं ई, दुकानं एफ, कारखाने जी, गोदामं एच आणि धोकादायक मालाच्या जागा जे. जिन्याची रुंदी, जिन्यांची संख्या, दारं, पाण्याची टाकी, स्प्रिंकलर, धोक्याची घंटा हे सगळं या अक्षरावर ठरतं. म्हणजे अक्षर बदललं की अख्खी यादी बदलते, भिंत एक इंचही हलली नसली तरी.

हे किती बदलतं ते एका हिशोबाने पाहू. हजार चौरस फुटांचा फ्लॅट घ्या, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. घर म्हणून मोजताना संहिता दर साडेबारा चौरस मीटरला एक माणूस धरते. तिथे सात जण होतात. शिकवणी म्हणून मोजलं तर माणशी चार चौरस मीटर, म्हणजे तेवीस मुलं. आणि तिथे खानावळ किंवा रेस्टॉरंट काढलं तर संख्या याहूनही कितीतरी वाढते. ही कागदावरची मोजणी झाली. प्रत्यक्षात अभ्यासिकेत प्लायवुडच्या कप्प्यांत टेबलं किती दाटीवाटीने लावतात, ते एकदा आत डोकावलेल्या कुणालाही सांगायला नको. पुढचा हिशोब जिन्याचा. संहिता सर्वसाधारण वापरासाठी जिन्याची रुंदी माणशी १० मिलिमीटर धरते. म्हणजे एक मीटर रुंद जिना त्या मजल्यावरच्या शंभर माणसांना पुरतो. पण थांबा, किमान रुंदीचाही नियम आहे: सदनिकांना एक मीटर चालतो, शाळेला दीड लागतो, रुग्णालयाला आणि सभागृहाला दोन. सात माणसांच्या घरासाठी बांधलेला जिना शिकवणीला अरुंद पडतो आणि दवाखान्याला निम्मा पडतो. शिवाय शैक्षणिक, सभागृह किंवा रुग्णालयाच्या इमारतीत मजल्याचं क्षेत्रफळ ५०० चौरस मीटरहून जास्त असेल, तर किमान दोन जिने लागतात. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतीला तर क्षेत्रफळ न बघताच दोन.

दोन जिने कशाला, एकच रुंद केला तर? हा प्रश्न जागामालक हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे: आग जिन्यातच लागली तर? आपल्याकडे वीजमीटर बहुधा जिन्याखालीच असतात, आणि त्याच्याच शेजारी वॉचमनची खाट, जुने पुठ्ठे, मोडकी सायकल. धूर वर जातो आणि त्याला जायला सर्वांत सोयीची वाट म्हणजे मजल्यामजल्यातून जाणारा उघडा जिना. चुलीच्या धुराड्यासारखा तो जिना धूर ओढून घेतो. खाली उतरणारी माणसं त्याच धुरात उतरत असतात. म्हणून जिना भिंतींनी बंद करून प्रत्येक मजल्यावर आपोआप मिटणारं फायर डोअर लावायचं असतं. बऱ्याच इमारतींत ते दार बसवलेलंही असतं. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्रास होतो म्हणून त्याला वीट लावून ते दिवसभर उघडं ठेवतात. ज्या दाराला एवढा खर्च केला, ते एका विटेने निकामी.

सुरतेत २४ मे २०१९ला जे झालं ते या सगळ्याचं एकत्र उदाहरण आहे. सरथाणा भागातली तक्षशिला आर्केड ही व्यापारी इमारत. तिच्या सर्वांत वर छतावर उभारलेल्या जागेत क्लास चालत होता. छत इतकं बुटकं, की बसायला खुर्च्यांऐवजी टायर ठेवलेले. वर जायला लाकडी जिना, तो जळाला. मुलांनी खिडक्यांतून खाली उड्या मारल्या आणि ते दृश्य देशाने मोबाइलवर पाहिलं. बावीस विद्यार्थी गेले. दुकानांसाठी बांधलेल्या इमारतीवर शाळा चढवली होती, आणि शाळेला लागणारी एकही गोष्ट तिच्याबरोबर वर चढली नव्हती.

माणसं किती यापेक्षा माणसं कोणत्या अवस्थेत आहेत, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑफिसातला माणूस जागा असतो, धडधाकट असतो, रोज त्याच वाटेने येतो. लॉजवरचा पाहुणा झोपलेला असतो आणि त्याला फक्त आपण आलो तेवढाच रस्ता माहीत असतो. घाबरलेला माणूस त्याच दाराकडे पळतो, शेजारी दुसरं दार असलं तरी. रुग्णालयात तर पळण्याचा प्रश्नच नाही. अतिदक्षता विभागातला रुग्ण यंत्रांना जोडलेला असतो. त्याला चौथ्या मजल्यावरून जिन्याने खाली आणायचं तर चार माणसं आणि भरपूर वेळ लागतो, आणि दोन्ही गोष्टी त्या घटकेला नसतात. म्हणून रुग्णालयासाठी विचारच वेगळा केलेला आहे. मजल्याचे आग रोखणाऱ्या भिंतींनी दोन-तीन भाग करायचे, आणि एका भागात आग लागली की खाटेसकट रुग्णाला त्याच मजल्यावरच्या शेजारच्या भागात ढकलत न्यायचं. खाली उतरवायचं ते नंतर, सवडीने. त्यासाठी खाट जाईल एवढी रुंद दारं हवीत, वळणाला जागा असलेला पॅसेज हवा, आणि एका भागातला धूर एसीच्या डक्टमधून दुसऱ्या भागात जाणार नाही अशी झडप हवी.

आता हे सगळं तीन बेडरूमच्या दोन फ्लॅटमधली भिंत पाडून केलेल्या पंधरा खाटांच्या दवाखान्यात कसं बसवायचं? बहुधा बसत नाही. हे कटू आहे, पण खरं आहे. गल्लीतल्या डॉक्टरांनी पिढ्यानपिढ्या लोकांना जगवलंय आणि फ्लॅटमधली ओपीडी चालवायला कुणाची हरकत नसावी. खाटा आल्या की मात्र गणित पालटतं. आयसीयू आलं की पुन्हा पालटतं. तिथे चोवीस तास चालणारे एसी असतात, घरगुती वापरासाठी टाकलेल्या वायरी असतात, आणि प्राणवायू. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो थोडा जरी वाढला तरी पडदे, गाद्या, प्लास्टिकच्या नळ्या फार वेगाने पेटतात. करोनाच्या वर्षी महाराष्ट्राने हे एकामागून एक पाहिलं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१मध्ये नवजात अर्भकांच्या कक्षात दहा बाळं गेली. विरारच्या खासगी रुग्णालयात एप्रिलमध्ये, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात नोव्हेंबरमध्ये अतिदक्षता विभाग पेटले. ही रुग्णालयं म्हणूनच चाललेली ठिकाणं. भांडुपचं प्रकरण आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जातं: तिथे ड्रीम्स मॉलच्या वरच्या मजल्यावर रुग्णालय होतं. मार्च २०२१मध्ये मॉलमध्ये आग लागली, धूर वर गेला आणि खाटेवरचे करोना रुग्ण दगावले.

अशा मिश्र वापरासाठी संहितेत एक स्वच्छ नियम आहे. एका इमारतीत दोन प्रकारचे वापर असतील तर संपूर्ण इमारतीला जास्त धोक्याच्या वापराचे निकष लावायचे. सुटका हवी असेल तर दोन वापरांच्या मध्ये २४० मिनिटं, म्हणजे चार तास आग थोपवणारी भिंत घालायची. आपल्या शहरांत हा नियम अमलात आणायचा म्हटलं तर तळमजल्यावर दुकानं आणि वर घरं असलेल्या किती इमारती पास होतील, कुणी मोजलेलं बरं.

कधीकधी तर पाटीही बदलत नाही. कमला मिलच्या अकरा दिवस आधी, १८ डिसेंबर २०१७च्या पहाटे, साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या गाळ्याला आग लागून बारा कामगार गेले. ते तिथेच झोपलेले होते. दिवसा भट्टी आणि रात्री शयनगृह असा एकाच गाळ्याचा दुहेरी वापर कुठल्याच कागदावर नसतो, कारण त्याची परवानगी कुणी मागत नाही आणि मागितली तर मिळणार नाही. कमला मिलवर रकानेच्या रकाने छापून आले. या बारा जणांचं नाव आज कुणाच्या तोंडी नाही.

कायद्याची बाजू पाहू. ती वाटते तितकी गुंतागुंतीची नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६चा. त्यात ‘विकास’ या संज्ञेत बांधकामाबरोबर इमारतीच्या वापरातला महत्त्वाचा बदलही येतो. म्हणजे एकही वीट न रचता नुसता वापर बदलला तरी महापालिकेची परवानगी लागते. दुसरा कायदा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो डिसेंबर २००८पासून लागू झाला. त्यातली कळीची गोष्ट अशी, की जबाबदारी मालकावर आहे आणि जागा वापरणाऱ्यावरही आहे. ‘मी भाडेकरू आहे, मालकाला विचारा’ आणि ‘मी जागा दिलीय, क्लास त्यांचा आहे’ ही दोन्ही उत्तरं कायद्यापुढे टिकत नाहीत. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र नमुना ‘ए’मध्ये मिळतं. त्यानंतर दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत, ती यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र नमुना ‘बी’मध्ये द्यावं लागतं. त्यालाच सगळे ‘बी फॉर्म’ म्हणतात. मुंबईत विकास नियंत्रणासाठी २०३४ची नियमावली आहे, उर्वरित राज्याच्या बहुतांश भागासाठी २०२०ची एकत्रित नियमावली.

प्रत्यक्षात गाडी उलट्या क्रमाने धावते. आधी जागा भाड्याने घेतली जाते, मग इंटिरियरवाला येतो, मग कमर्शिअल मीटर, मग शॉप अ‍ॅक्ट. फायर एनओसी सर्वांत शेवटी, कुणी मागितली तर. वापर बदलल्याचं वीज कंपनीला आणि मालमत्ता कर विभागाला अग्निशमन दलाच्या कितीतरी आधी कळतं, कारण तिथे दर बदलतो. व्यापारी दराने कर भरतोय म्हणून वापर कायदेशीर झाला, अशी समजूत बाळगणारे सज्जन पुष्कळ भेटतात. कर भरल्याने परवानगी मिळत नाही.

इंटिरियरवाल्याचा उल्लेख मुद्दाम केला. जुन्या इमारतीत सर्वांत ज्वलनशील जे असतं, ते बहुधा तोच आणतो. आपल्याला वाटतं, जुना वाडा म्हणजे लाकूड, म्हणजे धोका. अर्धं खरं आहे. वाड्याची सागवानी तुळई पेटली की बाहेरून कोळसा होत जाते, मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. तो कोळसाच आतल्या लाकडाला झाकतो, त्यामुळे जाड तुळई बराच वेळ भार पेलून धरते. उघडं लोखंड मात्र साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला आपली निम्मी ताकद गमावतं आणि वाकतं. शेडच्या कैच्या अशाच कोसळतात. वाड्याचा खरा धोका त्याच्या जिन्यात आहे: भिंतीच्या जाडीत बांधलेला, अंधारा, एका वेळी एकच माणूस जाईल असा. आणि खरं इंधन वाड्याचं नसतंच. ते असतं नव्याने लावलेल्या पातळ प्लायमध्ये, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला चिकटवलेल्या फोममध्ये, प्लास्टिकच्या पानांत, बांबूच्या छपरात, थर्माकोलमध्ये. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबमध्ये फेब्रुवारी २००३मध्ये शंभर माणसं गेली ती भिंतीवरच्या अशाच फोमने पेट घेतल्यामुळे. आणि दर्शनी भागावरची ती मोठी पाटी? ती पुष्कळदा खिडक्यांवरच ठोकलेली असते. धूर बाहेर जाण्याची आणि शिडीवरून आत येण्याची वाट एकाच फलकाने बंद.

मग जुन्या इमारतींनी जुनंच राहायचं का? तसं कुठेच कुणी म्हणत नाही. अमेरिकेत जुन्या इमारतींसाठी वेगळी संहिता आहे. तिच्यात वापरांची धोक्याप्रमाणे चढती श्रेणी लावलेली असते. कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे जाताना बाहेर पडण्याच्या वाटा नव्या इमारतीच्या तोडीच्या कराव्या लागतात. उलट दिशेने गेलात तर बऱ्याच जुन्या गोष्टी चालवून घेतात. इंग्लंडने २०१३पासून कार्यालयांची घरं करताना नियोजनाची पूर्ण परवानगी घेण्याचं बंधन सैल केलं, पण आगीसह इमारतीच्या सुरक्षेचे नियम सैल केले नाहीत. नियम असूनही माणसं मरतात हेही तितकंच खरं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ‘घोस्ट शिप’ नावाच्या गोदामात कलाकार राहत होते. डिसेंबर २०१६मध्ये तिथे वरच्या मजल्यावर गाण्याचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि छत्तीस जण गेले. गोदामाचं घर आणि घराचं सभागृह, दोन्ही बदल परवानगीविना झालेले.

आपल्याकडेही अशा श्रेणीची तर्कशुद्ध मांडणी व्हायला हवी असं माझं मत आहे. आज नियम बहुतांशी नव्या इमारतीचा विचार करून लिहिलेले आहेत. जुन्या इमारतीच्या मालकाला एक तर सगळं करा असं सांगितलं जातं, जे शक्य नसतं, किंवा काहीच केलं जात नाही, जे सोपं असतं. मधल्या वाटेला इंजिनिअरिंग लागतं. बाहेरून लोखंडी जिना लावा, असं पटकन सुचवलं जातं. पण तो ज्या सामासिक अंतरात उभा राहणार, तिथूनच बंब आत यायचा असतो. उंच इमारतीला भोवती सहा मीटर मोकळी जागा त्यासाठीच ठेवायला सांगितलेली असते. स्प्रिंकलर बसवा म्हटलं तर गच्चीवर पाण्याची टाकी आली. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन. चाळीस वर्षांच्या स्लॅबला ते पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय टाकी ठेवली तर एक संकट टाळायला दुसरं छतावर चढवलं. अनेकदा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय असतो तो संख्येवर मर्यादा: वरचा मजला गिऱ्हाइकांसाठी न वापरणं, साठऐवजी वीस टेबलं लावणं, खाटा तळमजल्यावर आणि ऑफिस वर ठेवणं. त्याने कमाई घटते, म्हणून तो सुचवणारा आर्किटेक्ट नावडता होतो. जी इमारत नव्या वापराला सोसत नाही तिला तो वापर नाकारायचा, हे म्हणायला महापालिकेत कुणी तरी बसलेलं हवं. परवानगी देणारं टेबल आहे. नाकारणारं टेबल क्वचित दिसतं.

आणि सोसायट्यांनीही आपला अधिकार ओळखावा. फ्लॅट क्लासला किंवा दवाखान्याला द्यायचा ठराव सभेपुढे येतो तेव्हा चर्चा पार्किंगची आणि चपलांची होते. त्याऐवजी सचिवांनी चार प्रश्न लेखी विचारावेत: वापर बदलाची परवानगी आहे का, एका वेळी किती माणसं असतील, ती कोणत्या जिन्याने उतरतील, आणि मंजूर वीजभार किती. उत्तरं आल्याशिवाय एनओसी देऊ नये. पालकांनी फी भरण्याआधी क्लासचा चालू सहामाहीचा बी फॉर्म मागावा. तो दाखवणं अवघड नाही. यंत्रणा असेल आणि चालत असेल तर तो जानेवारीत आणि जुलैत तयार झालेलाच असतो. नसेल, तर प्रवेश दुसरीकडे घ्यावा.